क्रायोनिक्सची बाजू लोकांपुढे कशी मांडावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना क्रायोनिक्स पटलं आहे, किंवा निदान विचार करण्याजोगं वाटतं, त्यांच्यासाठी हे पान आहे. घरी, मित्रांमध्ये, डॉक्टरांशी किंवा पत्रकाराशी बोलताना जे प्रश्न हमखास येतात, ते इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण बोलणं फसतं ते बहुतेकदा तिथेच.

"क्रायोनिक्स म्हणजे काय?" असं कोणी विचारलं तर थोडक्यात काय सांगू?

आजच्या वैद्यकाचे उपाय संपले आणि डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केला, की लगेच त्या माणसाचं शरीर किंवा फक्त मेंदू अतिशय थंड करून जपून ठेवायचा. पुढे कधी वैद्यक त्याला बरं करण्याइतकं पुढे गेलं, तर ती संधी त्याला मिळावी म्हणून. साठवण द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला होते. त्या तापमानाला रासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात, त्यामुळे दहा वर्षं थांबायचं की दोनशे, याने शरीराच्या स्थितीत फारसा फरक पडत नाही.

एवढं सांगून थांबा. पहिल्याच मिनिटाला पेशी दुरुस्त करणारी सूक्ष्म यंत्रं आणि मेंदूची संगणकावरची प्रत इथपर्यंत गेलात, तर ऐकणारा तिथेच हातचा सुटतो. त्याला हवं असेल तर तो स्वतःच पुढचं विचारेल.

"म्हणजे मेलेल्या माणसाला जिवंत करणार?" यावर काय म्हणायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, असं माझं मत आहे. या प्रश्नात एक गृहीतक दडलेलं असतं : मरण हा एक क्षण आहे आणि तो कायमचा ठरलेला आहे. वैद्यकाचा इतिहास तसं सांगत नाही. हृदय थांबलं की माणूस गेला, असं शतकानुशतकं मानलं जायचं. १९६० मध्ये छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि त्याआधी 'गेले' म्हटली जाणारी माणसं घरी परत जाऊ लागली. १९६७ च्या डिसेंबरमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या मृत्यूची व्याख्या मांडली, कारण जुनी व्याख्या अपुरी पडायला लागली होती. रेषा सरकते, आणि ती वैद्यकाच्या आवाक्याबरोबर सरकते.

१९९९ मध्ये नॉर्वेत एक तरुण डॉक्टर बर्फाखालच्या पाण्यात अडकली. तिच्या शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं, रक्ताभिसरण थांबलेलं होतं. ती वाचली आणि पुढे कामावरही रुजू झाली. २०१९ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी मृत्यूनंतर चार तासांनी डुकरांच्या मेंदूंमध्ये विशेष द्रव खेळवला आणि पेशींची काही कामं पुन्हा सुरू झालेली पाहिली. जाणीव परतली नाही, तो हेतूही नव्हता. पण 'चार-पाच मिनिटांत मेंदू संपतो' हे वाक्य आपण समजतो तितकं सरळ नाही, एवढं त्यातून दिसलं.

म्हणून उत्तर असं द्यावं : जो माणूस आज कोणाच्याही हातून वाचू शकत नाही, त्याला आम्ही पुढच्या डॉक्टरांकडे पाठवतोय. या क्षेत्रातल्या संस्था जतन केलेल्यांना 'रुग्ण' म्हणतात, ते याच समजुतीतून.

आजवर एक तरी माणूस परत आला आहे का?

नाही. हा शब्द आधी उच्चारा, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच 'पण' जोडू नका. आजच्या पद्धतीने जतन केलेल्या माणसाला परत आणण्याचं तंत्र कोणाकडेच नाही. माणूस सोडा, उणे १९६ अंशांवरून एखादा सस्तन प्राणीही अजून कोणी परत आणलेला नाही.

समोरच्याने पुढे विचारलं, की जे झालं आहे ते सांगा. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात गोठवलेल्या भ्रूणापासून पहिलं बाळ जन्मलं. २०२२ मध्ये अमेरिकेत जुळी बाळं जन्मली ती १९९२ मध्ये गोठवलेल्या भ्रूणांपासून, म्हणजे तीस वर्षं ते भ्रूण थांबून होते. २००९ मध्ये ग्रेगरी फाही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या मूत्रपिंडाबद्दलचा निबंध प्रसिद्ध केला. ते मूत्रपिंड उणे १३० अंशांच्या आसपास नेऊन परत बसवलं होतं आणि ससा त्या एकट्या मूत्रपिंडावर जगला. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या चमूने उंदरांची मूत्रपिंडं शंभर दिवसांपर्यंत अशी ठेवून पुन्हा बसवली आणि ती चालली. २०१५ मध्ये एका सूक्ष्म कृमीवर प्रयोग झाला. गोठवण्याआधी शिकलेली गंधाची आठवण त्याला परत आल्यावरही होती.

मूत्रपिंड म्हणजे मेंदू नव्हे आणि कृमी म्हणजे माणूस नव्हे. तेही सांगाच.

गोठवल्यावर पेशी फुटतात, मग उरतं काय?

पाणी गोठून बर्फाचे स्फटिक झाले तर पेशींचं नुकसान होतं, ही शंका रास्त आहे. म्हणूनच शरीरातलं बरंचसं पाणी काढून त्याजागी संरक्षक द्रावण भरतात आणि मग थंड करतात. प्रमाण योग्य असेल तर स्फटिक बनतच नाहीत. द्रव घट्ट होत होत काचेसारखा होतो. याला व्हिट्रिफिकेशन म्हणतात. मानवी रुग्णांसाठी ते या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. त्याआधीच्या रुग्णांचं जतन यापेक्षा पुष्कळ कच्चं होतं.

ही द्रावणं स्वतः काही प्रमाणात विषारी असतात, आणि फार खाली नेताना काचेसारख्या झालेल्या ऊतींना तडे जाऊ शकतात. जाणकार ऐकणारा याच दोन गोष्टी काढणार. त्याने काढण्याआधी तुम्ही काढा.

साठेक वर्षं झाली, तरी माणसं इतकी थोडी का?

रॉबर्ट एटिंगर या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने १९६२ मध्ये ही कल्पना पुस्तकरूपाने मांडली. १२ जानेवारी १९६७ ला जेम्स बेडफर्ड हे मानसशास्त्राचे प्राध्यापक पहिले रुग्ण झाले. ते अजूनही जतन आहेत, आज ॲरिझोनातल्या अल्कोर या संस्थेत. पण आजवर जगभरात मिळून अशी माणसं पाचशेच्या आसपासच आहेत. एटिंगर यांना वाटलं होतं की कल्पना एकदा लोकांसमोर आली की लोक आपणहून येतील. ते आले नाहीत.

'लोक मरणाचा विचारच टाळतात' हे नेहमीचं कारण मला अपुरं वाटतं. लोक विमा काढतात, मृत्युपत्रं करतात, अवयवदानाचे अर्ज भरतात. मला दिसणारं मोठं कारण एकटेपणाचं आहे. आपलं जतन व्हावं म्हणून संस्थेच्या कागदांवर सही करणारा माणूस बहुतेकदा घरात एकटाच असतो, आणि परत येण्याच्या कल्पनेतही तो एकटाच असतो. दुसरं कारण विश्वासाचं. इथे लोकांना अशा संस्थेवर विसंबायचं आहे, जी आपलं काम करते की नाही हे ते स्वतः कधीच तपासू शकणार नाहीत. आणि तिसरं साधं आहे : आज सही केली काय आणि पुढच्या वर्षी केली काय, निरोगी माणसाला दोन्ही सारखंच वाटतं.

यातलं काहीही जाहिरातीने सुटत नाही. म्हणून मला दहा हजार लोकांपुढच्या भाषणापेक्षा एका कुटुंबाबरोबरचं निवांत बोलणं मोलाचं वाटतं.

इथे दहनाची एक गोष्ट आठवते. इंग्लंडमध्ये दहनाचा पुरस्कार करणारी संस्था १८७४ मध्ये निघाली. वोकिंगच्या दाहगृहात १८८५ मध्ये पहिलं दहन झालं, आणि त्या पूर्ण वर्षात फक्त तीन. दफनापेक्षा दहन जास्त व्हायला तिथे १९६८ उजाडलं. मधल्या काळात न्यायालयाचा निकाल झाला, कायदा झाला, १९६३ मध्ये कॅथलिक चर्चने बंदी उठवली. देहाचं काय करायचं याबद्दलची माणसांची मनं पिढ्यांच्या गतीने बदलतात, आणि ती बदलेपर्यंत कोणीतरी काम चोख चालू ठेवावं लागतं.

चॅट्सवर्थचं प्रकरण कोणी काढलं तर?

सगळं सांगा. खरं तर कोणी काढायची वाटही पाहू नका.

कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थच्या दफनभूमीतल्या एका तळघरात काही रुग्ण ठेवले होते. खर्च नातेवाइकांनी वेळोवेळी द्यायचा होता. ते पैसे थांबले, नायट्रोजन थांबला, आणि कुटुंबांना मात्र सगळं ठीक असल्याचं भासवलं गेलं. १९७९ मध्ये उघड झालं तेव्हा नऊ देह वितळून गेले होते. खटले झाले. त्या कुटुंबांनी आपलं माणूस दुसऱ्यांदा गमावलं. हे वाक्य मी प्रत्येक वेळी बोलतो, कारण ते बोलल्याशिवाय पुढचं काही बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं मला वाटतं.

यानंतर पद्धत बदलली. आता देखभालीचा पूर्ण निधी आधीच घेतात, आणि त्याच्या उत्पन्नावर साठवण चालते. नातेवाइकांच्या पुढच्या हप्त्यांवर रुग्ण अवलंबून राहत नाही. समोरच्याला संस्थेची निवड करायची असेल, तर त्याने कोणते प्रश्न विचारावेत तेही सांगा : निधी वेगळा ठेवला आहे का, हिशेब तपासले जातात का, जागा प्रत्यक्ष पाहता येते का, संस्था बुडाली तर रुग्ण कुठे जातील.

एक उपयोगी माहितीही द्या. नायट्रोजनच्या टाक्यांना वीज लागत नाही. त्या मोठ्या थर्मासासारख्या असतात आणि द्रव हळूहळू उडतो तसा वरून भरतात. वीज गेली की सगळं संपलं, ही भीती अनेकांच्या मनात असते.

'अमरत्व' हा शब्द वापरावा का?

नाही. एटिंगर यांच्या पुस्तकाच्या नावातच तो होता, आणि माझ्या मते त्या शब्दाने या कल्पनेचं जितकं नुकसान केलं तितकं तिच्या विरोधकांनीही केलं नाही. तो शब्द कानावर पडला की काहींना त्यात गर्व दिसतो, काहींना फसवणूक, आणि श्रद्धाळू माणसाला आपल्या श्रद्धेला दिलेलं आव्हान. क्रायोनिक्स अमरत्व देत नाही. परत आलेला माणूसही पुढे कधीतरी मरणारच. 'आणखी आयुष्य', 'आणखी एक संधी', 'पुढच्या डॉक्टरांपर्यंत पोचणं' असे शब्द खरे आहेत, आणि ते पुरतात.

शास्त्रज्ञांचा याला विरोध आहे ना?

पुष्कळांचा आहे. क्रायोबायॉलॉजीच्या, म्हणजे अतिथंड तापमानात पेशी आणि ऊतींचं काय होतं याच्या शास्त्राच्या, आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ मध्ये असा नियम केला की मृत माणसांना गोठवण्याच्या कामात असलेल्यांना सदस्यत्व नाकारता यावं. पुढे २०१८ च्या निवेदनात तिची भाषा सौम्य झाली, तरी क्रायोनिक्सला शास्त्रीय आधार आहे असं ती आजही म्हणत नाही. दुसऱ्या बाजूला, साठाहून अधिक शास्त्रज्ञांनी सही केलेलं एक खुलं पत्र आहे. हा प्रयत्न शास्त्राला धरून आहे, असं ते म्हणतं.

टीकाकारांची नावं घेऊन त्यांना खोडून काढायला जाऊ नका. 'गोठवणं नीट जमतं, हे अजून सिद्ध नाही' हे त्यांचं म्हणणं आपलंही आहे. फरक एवढाच की जो आत्ता मरतोय त्याला सिद्ध होईपर्यंत थांबता येत नाही.

हे श्रीमंतांचंच नाही का?

अमेरिकेतल्या क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटचं किमान शुल्क बरीच वर्षं २८,००० डॉलर राहिलं आहे. अल्कोरमध्ये पूर्ण शरीरासाठी ते दोन लाख डॉलरच्या वर जातं. बहुतेक सदस्य ते आयुर्विम्यातून देतात, म्हणजे तरुणपणी सुरुवात केली तर भार दरमहा थोडा थोडा पडतो. तरीही सगळ्यांना परवडतं असं म्हणू नका. परवडत नाही, विशेषतः संस्था दूर देशात असेल आणि नेण्याचा खर्च वेगळा असेल तेव्हा. खर्च कमी व्हायचा तर माणसं वाढायला हवीत, हे मात्र खरं. मोठ्या टाकीत दर रुग्णामागे नायट्रोजन कमी लागतो.

देवाच्या कामात ही ढवळाढवळ नाही का?

वाद घालू नका. ज्याला आत्मा देह सोडून गेला असं वाटतं, त्याला विचारा की शस्त्रक्रियेत हृदय तासभर थांबवलेल्या माणसाचा आत्मा त्या वेळी कुठे असतो. उत्तर त्यांनाच शोधू द्या. टेस्ट ट्यूब बाळाबद्दल १९७८ मध्ये हाच आक्षेप होता, आणि आज तीच श्रद्धाळू कुटुंबं त्या उपचाराने झालेल्या बाळांना मांडीवर खेळवतात. ज्याला तरीही पटत नाही, त्याचा निर्णय तो.

लोकसंख्या वाढेल, त्याचं काय?

पाचशे माणसांनी काही होत नाही. लाखो झाली, तरी त्यांना परत आणू शकणारा समाज त्यांना जागा देण्याच्या स्थितीत असेल, असं मानायला हरकत नसावी. या प्रश्नावर फार वेळ घालवू नका. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेकदा दुसरंच काहीतरी असतं.

जोडीदाराला किंवा घरच्यांना पटत नाही. काय करू?

या वर्तुळात एक जुनी आणि अन्यायकारक सवय आहे : 'बायकांचा याला विरोधच असतो' असं म्हणून विषय संपवायचा. ती सोडा. जोडीदाराला काय ऐकू येतं याचा विचार करा. "माझं पुढचं आयुष्य मी ठरवलंय आणि त्यात तू नाहीस." तुम्ही तसं म्हटलेलं नसतं, पण ऐकू तेच येतं.

मी स्वतः इथे चुकलो आहे. बहिणीला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दोन तास संरक्षक द्रावणांबद्दल बोललो. तिचा प्रश्न एकच होता : "मग आम्ही तुझ्यासाठी रडायचं की नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. रडायचं. जो वियोग होणार तो खराच आहे, आणि परत येण्याची शक्यता त्याच्या आड येऊ नये. निरोपाचा कार्यक्रम करा, आठवणी काढा, ज्या रीतीने घर एरवी दुःख करतं त्याच रीतीने करा. संस्थेच्या कामाला अडथळा होणार नाही एवढं वेळेचं भान ठेवलं की झालं.

घरच्यांचा पाठिंबा ही मनाच्या समाधानापुरती बाब नाही. मृत्यूनंतर देहाबद्दल बोलण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी जवळच्या नातेवाइकांकडे जातो. त्यांनी फोनच केला नाही किंवा दोन दिवसांनी केला, तर कागद कितीही पक्के असले तरी उपयोग नाही.

परत आल्यावर ओळखीचं कोणीच नसेल. कशाला यायचं?

मनापासून विचारलेला प्रश्न आहे, त्याला आशावादी घोषणेने उत्तर देऊ नका. युद्धात, दुष्काळात सगळी माणसं गमावून परक्या मुलखात नव्याने उभी राहिलेली माणसं आपल्याला माहीत आहेत. त्यांना ते सोपं गेलं नाही, तरी त्यातल्या बहुतेकांना जगणं हवंसं वाटलं. कोणाला ते नको वाटत असेल तर ती निवडही तितकीच मानाची. आणि ज्याला एकटं यायचं नाही, त्याच्यासाठी खरं उत्तर म्हणजे सोबत कोणीतरी असणं.

मरणाच्या दारात असलेल्या माणसाच्या घरच्यांना हे सुचवावं का?

आपणहून, नाही. त्या घडीला घरचे कशालाही हो म्हणतील, आणि नंतर त्या होकाराचा पश्चात्ताप होईल. संस्थाही शेवटच्या क्षणी आलेल्या अर्जांबाबत सावध असतात, कारण रुग्णाची स्वतःची इच्छा काय होती हे तेव्हा कळत नाही. रुग्णाने स्वतः विचारलं तर मात्र सगळं सांगा, आणि 'शक्यता फार कमी असू शकते' हेही सांगा.

२०१६ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे चौदा वर्षांच्या, कर्करोग झालेल्या मुलीचं प्रकरण आलं. तिला जतन व्हायचं होतं, आईचा पाठिंबा होता, वडिलांचा सुरुवातीला विरोध. न्यायाधीशांनी क्रायोनिक्स बरोबर की चूक यावर निर्णय दिला नाही. तिच्या पश्चात निर्णय कोणी घ्यायचा एवढंच ठरवलं, आणि तो अधिकार आईला दिला. त्या मुलीने स्वतः माहिती शोधली होती आणि न्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. तिला कोणी गळ घातली नव्हती, म्हणूनच ते पत्र वाचणाऱ्यांवर इतका परिणाम झाला.

पत्रकाराशी बोलताना?

'डोकी गोठवतात' हा मथळा होणारच. तो टाळता येणार नाही, पण बातमीत एक तरी खरं माणूस येईल एवढं बघा. शक्य असेल तिथे अवयव साठवण्याच्या संशोधनाबद्दल बोला. मूत्रपिंड महिनोन्महिने ठेवता आलं तर प्रतीक्षायादीतल्या लोकांचे जीव वाचतील, आणि हे काम क्रायोनिक्सवर विश्वास नसलेल्यालाही हवंहवंसं वाटतं.

सही न करणारा माणूस समर्थक असू शकतो का?

असू शकतो, आणि अशी माणसं आपल्याला सदस्यांपेक्षाही जास्त हवी आहेत. मृत्यूचा दाखला वेळेवर देणारा डॉक्टर. जतनासाठी आलेल्या संस्थेच्या चमूला रुग्णालयाच्या खोलीबाहेर उभं राहू देणारी परिचारिका. कागद नीट करणारा वकील. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९० च्या कायद्याने पुनरुज्जीवनाच्या अपेक्षेवर आधारलेल्या जतनाची विक्री करायला मनाई केली. असे नियम बनतात ते बहुतेकदा आपल्या बाजूने बोलणारं कोणी खोलीत नसतं तेव्हा. अशा माणसाला सही करायला लावू नका. "मला नको, पण ज्याला हवं त्याला करू द्या" एवढं तो मोकळेपणी म्हणू लागला, की खूप झालं.

मला स्वतःलाच पुरती खात्री नाही. मी बाजू मांडावी का?

मांडा. खात्री असल्याचा आव आणू नका. बहिणीने मला काही वर्षांनी विचारलं की हे जमेल असं तुला कितपत वाटतं. मी म्हणालो, शक्यता कमी आहे, पण जाळण्या-पुरण्यात ती शून्य आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, कागद वाचायला दे. तिने स्वतःसाठी अजून अर्ज केलेला नाही. माझ्या कागदांवर नातेवाईक म्हणून सही मात्र तिची आहे, आणि संस्थेचा फोन नंबर तिच्या फोनमध्ये आहे.